सातवं पाणी

क्राकुफ,
३ नोव्हेंबर

प्रिय कालिना,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील. माझे गुडघे कुरकुरतात, तरी परवा सर्वसंतांच्या दिवशी तुझ्या बाबांच्या थडग्यावर दिवा लावून आले. पांढऱ्या शेवंतीची कुंडी तूच ठेवली होतीस ना? गर्दीत तू दिसलीस, पण हाक मारायचा धीर झाला नाही.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. "पोलामावशी, बाबांच्या वह्या रद्दीत टाकतेय. जन्मभर चिखल कालवला आणि शेवटी कारखान्यात हसं झालं. त्यांचं नेमकं चुकलं कुठे, तुला तरी माहीत आहे का?" असं विचारलंयस. उत्तराला उशीर झाला तो गुडघ्यांमुळे नाही.

वह्या टाकू नकोस. आधी हे वाच.

साध्या मातीच्या पापुद्र्यांमध्ये तुझे बाबा डोळ्यांना न दिसणारे धातूचे बारीक खांब उभे करायचे. खतकारखान्याच्या चिमणीतला विषारी पिवळा वायू थोड्या अमोनियाबरोबर त्या मातीवरून सोडला की निरुपद्रवी होऊन बाहेर पडायचा. प्रयोगशाळेत चौदा वेळा जमलं होतं. पण ही माती भारी हावरट, पाण्यात असेल ते गिळते आणि निकामी होते. म्हणून ती सात वेळा धुवायची, तीही शुद्ध केलेल्या पाण्याने. ते काम माझं.

कारखान्यासाठीची माती मी धुतली नऊ फेब्रुवारीला, माझ्या नामदिनी, म्हणजे संत अपोलोनियाच्या दिवशी. घरी पाहुणे यायचे होते. तुझ्या बाबांनीच खसखशीचा केक आणला. "पोलाबाई, आज लवकर पळा," म्हणाले. चौथ्या पाण्यानंतर पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीला दोन दिवस लागणार होते. उरलेली तीन पाणी मी नळाची दिली. आमचं नळाचं पाणी कसं, तुझ्या किटलीत बघ, पांढरा थर धरतं. वहीत मात्र सातही शुद्ध लिहिली. माझ्या अक्षरातली ती ओळ तुला सापडेल.

मार्चमध्ये चिमणीतून धूर पिवळाच निघाला.

दुसऱ्या दिवशी तुझे बाबा पाण्याच्या यंत्रापाशी उभे होते. दुरुस्तीवाल्याची चिठ्ठी अजून त्याला लटकत होती, तारखेसकट.

"पोलाबाई, पाणी नीट होतं ना?"

"हो, डॉक्टरसाहेब."

"बरं. चहा टाका."

अहवालात त्यांनी लिहिलं, "पद्धतच सदोष, जबाबदारी माझी." काम बंद पडलं. मी गप्प राहिले, मला माझी नोकरी प्यारी होती.

त्या शरदात उरलेल्या मातीचा नवा लगदा करून मी सातही वेळा शुद्ध पाण्याने धुतला आणि एकटीने तपासला. वायू जवळजवळ सगळा गेला. तोवर तुझे बाबा इस्पितळात होते; सांगायला तिथे धावले. ते म्हणाले, "या, बसा. यंदा तुमची सफरचंदं कशी आहेत?" आणि मी तासभर सफरचंदांबद्दल बोलले, कालिना! चौथ्या दिवशी ते गेले.

त्या तपासणीचा कागद सोबत आहे. तो आणि हे पत्र बाबांच्या संस्थेत दाखव. तुझ्या बाबांचं काहीही चुकलं नव्हतं. पुढच्या वर्षी मला ओळख दाखवली नाहीस तरी चालेल, दिवा मात्र लावू दे.

तुझ्या बाबांची माती धुणारी,
अपोलोनिया