सगळ्यांना एकच मेनू

५ ऑग., मंगळ.
संस्थेच्या सगळ्या शाळांचं एकच पोर्टल. प्रत्येक पान उघडताना मेनू डेटाबेसमधून नव्याने यायचा, रांगत. पोर्टलचा कोड माझ्याकडे, आज दुपारी तो बदलला. सकाळी शाळेतलं पहिलं लॉगिन झालं की मेनू एकदाच काढायचा, कॅशमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या तात्पुरत्या साठ्यात ठेवायचा, दिवसभर तोच द्यायचा. मंद्रूपच्या शाळेतल्या क्लार्क शोभाताईंचा लगेच फोन. "मॅडम, पान टचकन उघडतंय की! लई बरं केलं बघा." आमच्या सरांनी ऑफिसात सगळ्यांसमोर शाबासकी दिली. फुगले मी.

६ ऑग., बुध.
घोळ. मंद्रूपच्या शिक्षकांच्या मेनूत 'बदली यादी' दिसली. अजून जाहीर न झालेली! दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये भांडणं.
संध्याकाळी उलगडलं. हेडसर उशिरा येतात, म्हणून शोभाताई रोज सकाळी त्यांच्याच पासवर्डने पोर्टल उघडून ठेवतात. जुना मेनू रांगायचा तेव्हापासूनची सवय. म्हणजे कॅशमध्ये गेला हेडसरांचा मेनू, आणि तोच सगळ्यांना. शाळेप्रमाणे वेगळा ठेवला, हुद्द्याप्रमाणे ठेवायला विसरले. यादीच्या पानावर, उघडणारा कोण याची वेगळी तपासणीही नाही. एवढी अक्कल नसावी मला?

७ ऑग., गुरु.
कोणी यायच्या आत दुरुस्त केलं. सरांनी विचारलं, "आपल्याकडून काही?" मी म्हणाले, "त्यांच्याकडे पासवर्ड फिरतो, सर."
खोटं नाही. पण खरं कुठे आहे? शी.

९ ऑग., शनि.
शोभाताईंना नोटीस. यादी त्यांनीच फोडली म्हणे. सोमवारी चौकशी, नोकरी जाईल. फोनवर रडत होत्या. "पासवर्ड वापरला, मान्य हाय. पण यादीला हात बी लावला न्हाय. मशीनकडनं असं होतंय म्हणून तुमी कागदावर लिहून द्या की. तुमचं ऐकतील."
मी म्हणाले, "बघते."
बघते! तोंडातून एवढंच निघालं.

१० ऑग., रवि.
पत्र लिहिलं. 'माझ्या चुकीमुळे' लिहिलं, खोडलं. 'तांत्रिक बिघाडामुळे' केलं. आई म्हणाली, "जेव की गं, तोंड पाडून काय बसलीस?"

११ ऑग., सोम.
मंद्रूपला गेले. शोभाताई चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर, कडक इस्त्रीची साडी. पत्र दोन्ही हातांनी घेतलं. "माज्यासाठी एवढ्या लांब आला तुमी." फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या आणि शेंगाचटणी माझ्या हातात दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
आत कमिटीने पत्र वाचून मला विचारलं, "बिघाड म्हणजे नेमकं काय? कोणाकडून?" मी तोंड उघडायच्या आत शोभाताईच म्हणाल्या, "मॅडमची काय चूक, साहेब? मशीन हाय ते."
मी मान खाली घातली.
निर्णय शुक्रवारी. घरी येऊन दुसरं पत्र लिहिलं. पहिलीच ओळ: चूक माझी आहे. बाकी सगळं लिहून झालंय, सही तेवढी राहिलीय.