दोन नंबरचा वाफा

ता. ४ जून

ती. आक्कास, शि. सा. न.

पत्र पाहून तू आधी विचारशील, आता काय काम काढलंस? तर काम आहेच. तुमच्या गावच्या लालटोकी भाताचा आमच्या संशोधन केंद्रात ठेंगण्या, ताठ जातींशी संकर केला आहे. लालटोकीची चव सगळ्यांना हवी असते, पण कापणीच्या तोंडावर ते आडवं पडतं आणि निम्मं चिखलात जातं, हे तुला मी काय सांगायचं! त्या संकरातून निघालेले काही नवे वाण आणि तुलनेसाठी बाजारातला एक नेहमीचा, असे शेजारी शेजारी लावून बघायचे आहेत.

आजवर निवड आम्ही करायचो आणि तुमच्या माथी मारायचो. या वेळी ती शेतकऱ्यांनी करायची. पीक तयार झालं की गावाने वाफ्यांतून फिरायचं आणि आवडेल त्या वाफ्याच्या खुंटीला दोरा बांधायचा. लोकांना जे पटेल त्याचंच बी पुढे वाढवू. तळ्याकडचं तुझं शेत सपाट आहे, म्हणून मी तुझं नाव सुचवलं. भाऊजींना नमस्कार. नाही म्हणू नकोस.

तुझा
टिल्लू

ता. १५ जून

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ह्यांना वाचायला दिलं, मग शेजारच्या काकूंना, मग पुन्हा मीच वाचलं. तू इतकं गोड बोलायला लागलास की लहानपणी माझ्या वाटणीचं काहीतरी गायब झालेलं असायचं.

एक सांग. इतकी वर्षं आमच्या भाताला गावठी म्हणून नाक मुरडलंत. मग तुमचीच माणसं येऊन मूठभर बी घेऊन गेली. आता तेच आमच्या शेतात लावून आम्हालाच विचारता, कोणतं छान? यात कुठेतरी पाणी मुरतंय. काकू म्हणतात की निवडून आम्ही द्यायचं आणि विकणार दुसरंच कोणी. गिरणवाला तर म्हणतो की निवड आधीच झालेली असते, गावकरी फक्त फोटोपुरते.

हे मात्र एका पायावर तयार आहेत. बायकोच्या भावाने मागितलं म्हणजे ह्यांना विचार करावा लागत नाही. तेव्हा शेत दिलं असं समज. पण डोळे मी उघडे ठेवणार, रागावू नकोस.

तुझी
आक्का

ता. १९ जुलै

ती. आक्कास सा. न. वि. वि.

लावणी छान झाली. खुंट्यांवर नावं का नाहीत, नुसते आकडेच का, म्हणून तू आमच्या माणसाला बांधावर उभं करून झाडलंस असं कळलं. अगं, नाव लावलं की लोक पिकाकडे न बघता नावालाच दोरा बांधतात. कोणत्या आकड्याला कोणता वाण आहे हे एकट्या मोठ्या साहेबांना ठाऊक आहे. मलाही नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर नसो, पण साहेबांचा माझ्यावर तेवढाही नाही, हे ऐकून तुला बरं वाटेल.

ज्याला झाडलंस तो आमचा क्षेत्र सहायक. चष्मेवाला म्हणतात त्याला सगळे. अबोल आहे. उंची मोजायला, फुटवे मोजायला तो अधूनमधून येईल. त्याला निदान पाणी तरी विचारत जा.

तुझा
टिल्लू

ता. २ सप्टेंबर

चि. टिल्लूस आशीर्वाद.

पाणी विचारलं. तो नको म्हणाला. जो माणूस उन्हात उभा राहून पाणी नको म्हणतो, त्याच्याबद्दल मला आधीच शंका येते. पण आता जे लिहितेय ते नुसत्या शंकेचं नाही.

काल सकाळी शेतावर गेले. दोन नंबरच्या वाफ्यालगत, बांधाच्या कोरड्या कडेला, पांढरे दाणे सांडलेले दिसले. चिमटीत घेऊन पाहिले. युरिया. सगळ्या वाफ्यांना खत सारखं आणि तुम्हीच मोजून देणार, असं ठरलं होतं ना? बाकी सगळे वाफे फिरले, एकीकडेही दाणा नाही. आणि परवा संध्याकाळी तुझा चष्मेवाला तिथेच वाकून बसला होता, हे काकूंनी पाहिलंय. दोन नंबर गेल्या महिन्यापासून हिरवागार का दिसतो, ते आता कळलं. तुझ्या साहेबांचा लाडका तोच असणार.

मला तर पाच नंबर आवडलाय. लोंबीच्या टोकाला आपल्या लालटोकीसारखी लाली आहे आणि काडी अशी की परवाच्या वाऱ्यात हलली, पण वाकली नाही. पण लबाडीच चालणार असेल तर आम्ही दोरे कशाला बांधायचे? खरं काय ते लिही.

आक्का

ता. ९ सप्टेंबर

ती. आक्का,

घाईत लिहितोय. चष्मेवाल्याला मी विचारलं. त्याने नुसतं नाही म्हटलं आणि कामाला लागला. त्याच्यासोबत मी बरीच वर्षं काम करतोय, तो असलं करणार नाही. कोणाच्या तरी पाटीतून दाणे सांडले असतील. कृपा करून हे गावात बोलू नकोस. हा प्रयोग मुळात केंद्रातल्या पुष्कळांना नको आहे. शेतकऱ्यांना काय कळतं, असं म्हणणारे टपून बसलेत. एवढंसं निमित्त मिळालं तरी सगळं गुंडाळतील.

टिल्लू

ता. ६ नोव्हेंबर

चि. टिल्लू,

दोरे बांधले त्याला आठवडा झाला, तुझं पत्र नाही. तू रागावलास हे मला कळतं. पण मी तरी काय करायला हवं होतं?

तू बोलू नकोस म्हणालास तिथेच माझी खात्री झाली. तरी त्या दिवसापर्यंत मी तोंड उघडलं नाही. आम्ही बायकांनी पाचला दोरे बांधले, पुरुषांनी बहुतेक दोनला. लोंब्या भरघोस दिसत होत्या, त्यांचं चुकलं नाही. मग साहेब खुर्चीवरून उठले आणि वजनातही दोरे मोजण्यातही दोन नंबर पुढे आहे म्हणाले. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी उठून पांढऱ्या दाण्यांचं सांगितलं, आणि कोणी टाकले तेही सांगितलं. चष्मेवाल्याकडे बोट दाखवलं. तो चष्मा काढून सदऱ्याने पुसत राहिला.

तू माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीस. मग गावात कुजबुज सुरू झाली की भाऊही सामील असेल. ते ऐकून मात्र मी भांडले, हे तुला माहीत नसेल. हे त्या दिवसापासून जेवायला बसतात आणि अर्ध्यावर उठतात. दोन ओळी तरी लिही.

आक्का

ता. १५ नोव्हेंबर

ती. आक्कास न. वि. वि.

दोन ओळी कशाला, सगळंच लिहितो. चष्मेवाल्याला शेतातून काढून गोदामात पोती उचलायला लावलंय. चौकशी होणार आहे. बहिणीचंच शेत का निवडलं, म्हणून मलाही लेखी विचारलंय. ज्यांना हा प्रयोग नको होता ते आता माझ्याशी फार प्रेमाने बोलतात.

तुझ्यावर मी रागावलो होतो. पण काल गोदामात गेलो आणि थबकलो. आमच्याकडचा युरिया पांढरा नसतो, आक्का. निंबोळीची पेंड चोळलेला, तपकिरी असतो. गेली कित्येक वर्षं दुसरा आलेलाच नाही. तू चिमटीत घेतलेस ते दाणे पांढरेच होते, याची तुला खात्री आहे ना? असेल, तर ते आमच्याकडून आलेले नाहीत. ते गावातल्याच कुठल्यातरी घरातून आले. हे मी अजून कोणाला बोललेलो नाही. आधी तुला लिहितोय. तू कोणावर संशय घेशील याची भीती वाटते, पण न लिहून कसं चालेल?

टिल्लू

ता. २१ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,

दाणे पांढरेच होते.

तुझं पत्र वाचून मी आधी काकूंचं घर आठवलं, मग गिरणवाल्याचं. कोणाकोणाकडे पांढरा युरिया असेल ते मनात धुंडाळत होते. आणि मग आपल्याच गोठ्यामागच्या खोलीत गेले. भाजीच्या वाफ्यासाठी आणलेलं पोतं तिथे असतं. ते मी उसवलेलं नव्हतं. तोंड उसवून पुन्हा सुतळीने बांधलेलं होतं, आणि ती गाठ ह्यांची. लग्न झाल्यापासून ती गाठ मी सोडवत आले आहे.

संध्याकाळी विचारलं. हे आधी बैलाकडे बघत राहिले. मग म्हणाले की तू शेतावर आलास की नेहमी दोन नंबरपाशीच उभा राहतोस, तेव्हा तो तुझाच वाण असणार. तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही. तुझा वाण पहिला आला तर साहेब खूश होतील, बायकोच्या भावाचं भलं होईल. एवढंच. कोणाचं वाईट करायचं नव्हतं. मी सभेत बोट दाखवलं तेव्हा उठून सांगायचं होतं, पण पाय उचलले नाहीत म्हणाले.

टिल्लू, मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. नंतर रडले. सगळ्या गावावर संशय घेतला, तुझ्यावर घेतला, आणि ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो माणूस समोर बसून जेवत होता. तुझ्या साहेबांना हे सगळं कळव. नाव लपवू नकोस. चष्मेवाल्याला भेटायला मी येतेय.

आक्का

ता. ५ डिसेंबर

ती. आक्कास, भाऊजींसह, सा. न.

तू येऊन गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. आकडे उघड केले. दोन नंबर म्हणजे बाजारातला तो नेहमीचा वाण. भाऊजींनी ज्याच्यासाठी पोतं फोडलं तो माझा नव्हता, केंद्राचा नव्हता, कोणाचाच लाडका नव्हता. आणि मी तिथे का उभा राहायचो, ते ऐक आणि हवं तर डोकं बडवून घे. आंब्याची सावली फक्त त्याच वाफ्याच्या बांधावर पडते.

या वर्षीचा निकाल रद्द. पण प्रयोग बंद होणार नाही. पुढच्या हंगामात शेतं तीन, आणि राखण व मोजदाद गावाने करायची. साहेब म्हणाले की संशय घेणारी माणसं हवीतच, फक्त त्यांनी तो सगळ्यांवर सारखा घ्यावा.

चष्मेवाला गोदामातून सुटला. तू माफी मागितलीस तेव्हा तो गप्प राहिला म्हणून तुला वाईट वाटलं. काल त्याने मला सांगितलं की खोलीत मागितलेली माफी त्याला नको. बोट जिथे दाखवलं होतं, तिथे सांगा.

तुझा
टिल्लू

ता. १२ नोव्हेंबर, पुढील वर्ष

चि. टिल्लूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बाळाच्या पायगुणाने तू कायम झालास असं काकू सगळीकडे सांगतात. बायकोला सांभाळ. दोरे बांधायला येता आलं नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस. काय झालं ते सांगते.

या वेळी आमचं शेत मी दिलं नाही. काकूंचं, गिरणवाल्याचं आणि तळ्यापलीकडचं, अशी तीन. बायकांनी पाळ्या लावून राखण केली. मलाही एकटीला वाफ्यात जाऊ देत नव्हत्या, बरोबर कोणीतरी असायचंच. सुरुवातीला लागलं मनाला. मग वाटलं, बरोबर आहे.

पाच नंबर बायकांनी तिन्ही शेतांत निवडला. पुरुषांचे दोरे पाच आणि सातमध्ये वाटले गेले, त्यावरून घराघरांत अजून भांडणं चालू आहेत. शिजवून पाहिलं तर सात थोडा चिकट होतो, पण हे कोणा पुरुषाला पटवून दाखव! साहेबांनी दोन्हींचं बी वाढवायचं ठरवलं. पाचचं बी आम्हीच करणार, गावात.

दोरे मोजायच्या आधी मी उठले. गेल्या वर्षी या माणसाकडे बोट दाखवलं ते खोटं होतं, खत माझ्या घरातून गेलं, असं सगळ्यांसमोर सांगितलं. मग हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि मीच टाकलं म्हणाले. मागे कोणीतरी हसलं. हे हलले नाहीत.

नंतर सगळे पाचच्या लोंब्या कापायला उतरले. चष्मेवाला ह्यांच्याजवळ आला, ह्यांच्या हातातला विळा बोथट आहे म्हणाला आणि स्वतःचा दिला. मग पूर्ण वाफा होईपर्यंत दोघांनी एकाच विळ्याने आळीपाळीने कापलं. माझ्याकडे त्याने अजून पाहिलेलं नाही. पण मी पाण्याचा तांब्या बांधावर ठेवला होता, तो त्याच्याकडून परत आला तेव्हा रिकामा होता.

सगळ्यांना आशीर्वाद. लोभ असू दे, आणि थोडा संशयही.

तुझी
आक्का