सायरन वाजत होता

अष्टमी, रोहा
मंगळवार, दुपार

प्रिय नितेश,

पिंकी म्हणते पत्राची सुरुवात अशीच करायची असते, म्हणून प्रिय लिहिलं. सध्या किती प्रिय आहेस ते विचारू नकोस. तुझ्या फोनमधलं कार्ड तुझ्या बापाने काढून घेतलंय, पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून. मोठा हुशार. तू पेणला मालूआत्याच्या खोलीत लपलायस हे आपल्या आळीतल्या कुत्र्यालाही ठाऊक हाय. पिंकी संध्याकाळच्या एसटीने पेणला आईकडे, मालूकडे, परत जातेय, तिच्या हाती हे पाकीट देतेय. पोरगी चोमडी आहे, म्हणून शिताने चिकटवलंय. फाटकं मिळालं तर तिच्या पाठीत एक घाल आणि मग वाच.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेले, पुढे भावंडं सांभाळायला घरी बसवली. त्यामुळे अक्षर लागेल तसं लावून घे. सकाळपासून बसलेय, दोन पानं फाडून झाली. बोलायला तोंड कधी कमी पडलं नाय मला, पण कागदावर ते निम्मं होतं.

इकडची खबर म्हणजे शेडमध्ये काम चालू आहे. साच्यातून दीडशे गणपती निघालेत, पण घासायला माणूस नाय. जानी नाय. तिच्यासारखा पॉलिशपेपर कुणाला चालवता येत नाय हे तुला माहीत आहे. सोंडेच्या आतल्या वळणात ती करंगळीने कागद फिरवते. तिच्या जागेवर मी बसते, तर मला दोन तासांत एक मूर्ती होते. पेणच्या रंगाच्या कारखान्यातून हर्षदशेटचा फोन आला होता, मागच्या खेपेचा माल एकदम चोख आला म्हणून. एकाही मूर्तीला टवका नाय म्हणाला. हे ऐकून मी फोन मधेच ठेवून दिला. हे कुणाला सांगितलं नाय, तुला सांगतेय.

तुझ्या बापाचं सांगते. त्याने रविवारी एक टाइप केलेला कागद आणला. त्याचा कुणी ओळखीचा माणूस आहे, कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसतो, त्याने बनवून दिला. त्यात लिहिलंय की मी धोंडुबाई, वय बहात्तर, त्या बुधवारी टेम्पोत माझ्या नातवाच्या शेजारी बसले होते, मागच्या ॲम्ब्युलन्सचा सायरन वाजत नव्हता, आणि माझे कान शाबूत आहेत. खाली माझी सही पाहिजे. डोलवीच्या कंपनीच्या गेटावरच्या कॅमेऱ्यात आपला टेम्पो पुढे आणि ॲम्ब्युलन्स मागे, सगळं दिसतंय. पण त्या कॅमेऱ्यात आवाज येत नाय. ॲम्ब्युलन्सच्या टपावरचा दिवा आधीपासून बिघडलेला होता. म्हणजे राहिला फक्त सायरन, आणि सायरन वाजत होता की नाय हे सांगणारं ॲम्ब्युलन्सच्या बाहेरचं माणूस मी एकटी. मी सही केली की दोष सगळा त्या ड्रायव्हरवर, दिनेशवर. सायरन लावला नाय म्हणून. त्याची नोकरी जाईल, आणि तू सुटशील.

तुझा बाप मला समजावत होता, जशी मी काल जन्मले. म्हणे आई, ॲम्ब्युलन्सला वाट दिली नाय तर दहा हजार दंड नायतर सहा महिने आत, नायतर दोन्ही. म्हणे दंड मी उद्या भरतो गो, पण नित्यावर केस राहिली तर कंपनीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून त्याला कोण घेणार, पोलिसांचा दाखला लागतो. आणि ते मूल गेलंय, त्याचं आणखी काय कलम लावतील देव जाणे. मग हळूच म्हणाला, दिनेश काय, आदिवासी वाडीतला पोरगा, त्याला दुसरी गाडी मिळेल. मी म्हटलं, तुलाही दुसरी आई मिळते का बघ. तेव्हापासून जेवायला समोर बसत नाय.

तो बाप आहे, त्याला पोटची माया आहे, ते मला कळतं. पण त्याला एक गोष्ट माहीत नाय, कारण तू ती त्याला सांगितली नाहीस. पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हाही तू एवढंच म्हणालास की मला ऐकू आलं नाय. तेव्हापासून तू हेच धरून बसलायस. का ते मी ओळखते. तुला चालायला येत नव्हतं तेव्हापासून तुला बघतेय मी.

म्हणून ते सगळं इथे एकदा लिहिते, म्हणजे आपल्या दोघांत तरी आडपडदा नको.

गेल्या वर्षी मे महिन्यात आपण असाच कच्चा माल, बिनरंगाच्या मूर्ती, घेऊन पेणला चाललो होतो. मागून सायरन आला, तू भल्या माणसासारखा गाडी रस्त्याखाली खडीत उतरवलीस. आठवतं ना कसा धाडकन आवाज झाला? नऊ मूर्ती गेल्या. कुणाचा हात, कुणाची सोंड. पेंढा घातलेला असून गेल्या. आणि पुढे वडखळच्या नाक्यावर तीच ॲम्ब्युलन्स वडापावच्या गाडीसमोर उभी. आतून उतरलं कोण, तर लग्नाचं वऱ्हाड. शालू नेसलेल्या बाया, डोक्यात गजरे, एक म्हातारा टोपीवाला. मुहूर्त चुकेल म्हणून सायरन लावून निघाले होते. मी त्या टोपीवाल्याला भर नाक्यावर काय काय बोलले, ते ऐकून तूच मला ओढत गाडीत बसवलंस. घरी येऊन त्या नऊ मूर्ती जानीने आणि मी फोडून परत भुकटी केली. तेव्हा मी ठरवलं होतं, यापुढे नाय. आणि तुलाही बजावलं होतं.

तर मागच्या बुधवारी. गडबचा स्टँड सोडला आणि मागे सायरन सुरू झाला. रस्त्याचं काम चाललेलं, एकच पट्टा, पलीकडून ट्रकांची रांग, ॲम्ब्युलन्सला पुढे निघायला जागा नाय. आपण कच्च्या मालामुळे सायकलच्या चालीने चाललेलो. तू आरशात बघितलंस आणि म्हणालास, आजी, बाजूला घेऊ का. मी म्हटलं, चालव गप, आत नवरीची मावशी बसलीय पेढे खात. तू हसलास. पुढे तो बंद पडलेला ढाबा आला, त्याच्यासमोर जागा होती, नुसती खडी टाकलेली, वीतभर उतार. तू परत म्हणालास, आजी, लय वेळ वाजतोय गो. मी म्हटलं, वाजू दे, फुकटचा आहे. तिसऱ्यांदा तू काय बोलला नाहीस, नुसता डावा दिवा लावलास आणि स्टीअरिंग वळवायला लागलास, तेव्हा मी तुझ्या हातावर फटका मारला. चांगला जोरात. म्हटलं, दोन महिन्यांचं काम आहे मागे, एक जरी फुटली तर तुला फोडीन. तू दिवा बंद केलास. मग डोलवीच्या गेटापर्यंत आपण तसेच गेलो. गेटापाशी रस्ता रुंद झाला आणि ती शेजारून सुसाट गेली. मी खिडकीतून बघितलंसुद्धा नाय. मी मागे वळून पेंढा बघत होते.

सायरन वाजत होता, नित्या. सगळा वेळ वाजत होता. माझे कान शाबूत आहेत.

आत जानी होती आणि तिची संध्या. ते आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. संध्याला कळा लागल्या, रोह्याच्या डॉक्टरने पनवेलला न्यायला सांगितलं, मूल आडवं आलंय म्हणून. जानी त्या दिवशी कामाला का आली नाय म्हणून मी सकाळी तिच्या नावाने बोटं मोडली होती. मागे टेम्पोत जे गणपती होते त्यातले निम्मे तिच्या हातचे.

रविवारी जानी तिच्या वाडीवर आली, संध्याचं आधारकार्ड न्यायला. मी गेले भेटायला. रिकामी कशी जायची म्हणून शेरभर तांदूळ घेतले. ती दारात बसली होती, केस न विंचरलेले, बुधवारपासूनच्या त्याच लुगड्यात. मुलगी होती म्हणाली. लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, डॉक्टर एवढंच बोलला, जास्त काय बोलला नाय. संध्या अजून खाटेवर आहे, रक्त चढवतात. तिला कुणी नीट सांगितलेलं नाय, ती दूध आलं म्हणून बाळ मागते. मग जानी म्हणाली की तिने पुढच्या काचेतून आपला टेम्पो ओळखला होता. तो मागचा हिरवा पडदा तिनेच शिवलाय ना. तिने दिनेशला सांगितलं, घाबरू नको, आपल्या नित्याची गाडी हाय, वाट देईल तो. काच खाली करून तुला हाका मारल्या तिने. सायरनमध्ये कुठल्या ऐकू येणार.

आणि नंतर जे म्हणाली, ते मी गेले दोन दिवस गिळतेय, पण उतरत नाय. तिला अजून कुणी सांगितलं नाय की मी गाडीत होते. माझा हात धरून म्हणाली, बाय, तू असतीस ना बाजूला, तर त्याच्या कानफटात देऊन गाडी उतरवायला लावली असतीस. तुझ्यासमोर त्याची हिंमत नसती झाली.

मी तांदूळ ठेवले आणि उठले. मी, धोंडुबाई, जिला गावात कुणी भांडणात हरवलं नाय, ती तोंड शिवून घरी आले. बत्तीस वर्षं ती माझ्याशेजारी बसून काम करते. तुझी आई गेली तेव्हा तुला तिने अंगावर पाजलं होतं, स्वतःच्या पोराबरोबर. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, मीच सांगू दिलं नाय. आपल्या लोकांना काय वाटेल म्हणून. आता माहीत असू दे.

आता ऐक. मी तुझ्या बापाचा कागद चुलीत घातला. काल सोमवारी सकाळी शेडमध्ये जाते म्हणून निघाले आणि एसटी धरून पोलीस ठाण्यात गेले. तिथे एक हवालदार आहे, तुझ्याएवढाच असेल. म्हणाला आजी, बसा, पाणी प्या. मी म्हटलं पाणी नको, लिहून घे. सायरन वाजत होता असं लिही. पोरगा तीनदा गाडी बाजूला घेत होता आणि मी घेऊ दिली नाय असं लिही. दंड माझ्या नावावर फाड आणि ते सहा महिने मला दे, मला तशीही घरात झोप येत नाय. तो आधी हसला, मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, आजी, हा दंड गाडी चालवणाऱ्याला असतो. बाजूला बसून बोलणाऱ्याला दंड नाय. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं हा कसला कायदा, गाडी काय नुसत्या हाताने चालते का, शेजारी बसलेली म्हातारी चालवत असली तर? तो म्हणाला तुम्ही सांगितलंत ते सगळं लिहितो, साहेब वाचतील, कोर्ट वाचेल, पण स्टीअरिंगवर नाव नितेशचं राहणार. मी खूप विनवलं त्याला. लाज सोडून विनवलं. काय उपयोग झाला नाय.

म्हणजे फटका मी मारला आणि शिक्षा तुला. मला वाचवायला तू गप्प राहिलास, आणि मी जाऊन तुझंच नाव पक्कं करून आले. पाहिजे तेवढ्या शिव्या दे. पण दिनेशच्या गळ्यात हे बांधू देणार नाय मी, आणि मूल गेलेल्या बाईला सायरन वाजतच नव्हता असं कुणी सांगितलेलं मला जिवंतपणी ऐकायचं नाय. हवालदाराने गुरुवारी दुपारपर्यंत वेळ दिलाय. स्वतःहून आलास तर तेवढं तरी कोर्टात दिसेल म्हणाला, नायतर ते येऊन नेतील. तू कुठे आहेस ते मी सांगितलं नाय. मी आणते म्हटलं.

मी गुरुवारी पहिल्या गाडीने पेणला उतरेन. आंघोळ करून, बरा शर्ट घालून तयार राहा. ठाण्याचं काय, तिथे मी एकटी जाऊन आले, परतही जाईन. पण तिथून सोडलं तर आपल्याला पुढे पनवेलला जायचंय, हॉस्पिटलात. जानीला सांगायचंय की मी गाडीत होते. काल ठाण्यातून निघाले ती तिकडेच जायचं म्हणून निघाले होते. पनवेलची गाडी लागलेली होती, दार उघडं होतं. तीन गाड्या गेल्या माझ्यासमोरून, आणि मी परत अष्टमीला आले. म्हणून हे पत्र. तुझी आजी तुला समजवायला नाय लिहीत, रे. तिला एकटीने त्या बाईसमोर उभं राहता येत नाय. तू ये. मी बोलेन, तू काय बोलू नकोस. फक्त बाजूला उभा राहा.

तुझीच आजी,
धोंडुबाई