तू क्षमा केल्याचं कळलं

प्रिय धाकट्या,

परवा फोनवर मी गप्प राहिले ते लाइन खराब होती म्हणून नाही. लाइन स्वच्छ होती. तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता, जो तू आता म्हणे पोटातून घ्यायला शिकला आहेस. तू मध्येच "ताई, ऐकतेयस ना?" म्हणालास आणि मी "हं" म्हटलं. त्या "हं"चा अर्थ तू तुझ्या सोयीने लावला असणार, म्हणून हे पत्र. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आम्हाला बजावायच्या की रागात पत्र लिहू नये, आणि लिहिलंच तर एक रात्र जाऊ द्यावी, सकाळी पुन्हा वाचावं आणि मगच पेटीत टाकावं. मी सकाळी वाचलं आणि आणखी दोन पानं वाढवली.

आधी इकडच्या बातम्या. चर्चच्या आवारातल्या पाळकगृहाला रंग लागला. कमिटीने म्हणे "मोतिया" ठरवला होता, रंगाऱ्याने लावलाय तो मी आयुष्यभर काविळीच्या पेशंटच्या डोळ्यांत पाहिला आहे. तुझ्या अभ्यासिकेतली पुस्तकं मी स्वतः पुसून पुन्हा लावली, क्रम तुझाच ठेवला. तुझ्या जागी आलेले बदली पाळक साधे गृहस्थ आहेत, प्रवचन लवकर आटोपतात आणि आजाऱ्याच्या घरी गेले की खुर्ची ओढून बसतात. आपल्या खजिनदारांना ते पटत नाही. "एवढ्याशा प्रवचनात देव काय कळणार?" असं ते मला पायऱ्यांवर म्हणाले. इतकी वर्षं तुझं लांबलचक ऐकून त्यांना तो किती कळला, हे विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं, पण हातात ऑर्गनच्या वह्या होत्या आणि भांडायला मला हात मोकळे लागतात.

तुझ्या विश्रांतीला माझा विरोध होता असं कुणी तुला सांगितलं असेल तर ते खोटं आहे. कमिटीपुढे तुझी बाजू मीच मांडली. "पाळकाला कसली आलीय रजा? देव घेतो का रजा?" असं चिटणीस म्हणाले, तेव्हा देवानेही सातव्या दिवशी घेतली होती हे त्यांना मीच आठवून दिलं. तू थकला होतास हे मला दिसत होतं. त्या बेकरीवाल्याच्या अंत्यविधीत तू मयताच्या जागी त्याच्या जिवंत भावाचं नाव घेतलंस आणि तो बिचारा पुढच्या बाकावर स्वतःचं गुणवर्णन ऐकत बसला. लोक खाली मान घालून हसत होते. मला हसू आलं नाही. वॉर्डात नर्सची अशी अवस्था झाली की मी तिला घरी पाठवायची, कारण थकलेल्या हातातून चुकीचं औषध जातं.

तेव्हा तू गेलास याचा मला आनंदच झाला. सुरुवातीची तुझी पत्रंही मी आनंदाने वाचली. तळ्याकाठचं ते घर, दुपारपर्यंत कुणी कुणाशी न बोलण्याचा नियम, तू स्वतः मळलेला पाव, तू वाढवलेली दाढी. श्वास घ्यायला शिकवणाऱ्या तिथल्या मार्गदर्शकांचं तुला फार कौतुक. मी बाळंतपणाच्या खोलीत बायकांना तेच शिकवत आले, फक्त त्याला आत्मिक नवजीवन म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. असो. तू लिहिलंस की झोप लागते, रडू येतं, लहानपणचं आठवतं. मला वाटलं, आता हा माणूस हळूहळू जागा होतोय. मी वाट पाहत राहिले.

आणि मग परवाचा फोन. तू सांगितलंस की तिथे प्रत्येकाने आपल्या मनावरच्या ओझ्याएवढा एक दगड उचलायचा, तो दिवसभर बाळगायचा आणि संध्याकाळी तळ्यात सोडून द्यायचा. तुझा दगड सगळ्यांत मोठा होता हे तू मला जवळजवळ अभिमानाने सांगितलंस. जेवायलाही तो मांडीवर घेऊन बसलास. संध्याकाळी टाकलास आणि रडलास. "ते ओझं चिमीचं होतं ताई. मी तिला क्षमा केली. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!" आणि परत आल्यावर पहिल्याच रविवारी तू मंडळीसमोर साक्ष देणार आहेस, ह्या दगडाची आणि ह्या क्षमेची. चिटणिसांना तू ते आधीच कळवलंयस, कार्यक्रम छापायला सोपं जावं म्हणून.

चिमीला, तुझ्या पोटच्या मुलीला, क्षमा. कशाची, ते तू सांगितलं नाहीस आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आता फुटतोय.

लग्नानंतर ती पहिल्यांदा तुझ्या दारात आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तिची आई गेल्यापासून त्या घरात कुणीतरी बाई असावी म्हणून मी ड्युटी संपवून येत असे, ते तुला आठवत असेल. चिमीच्या हातात एक पिशवी होती, तीही अर्धी रिकामी. तू तिला चहा दिलास, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीस, आणि गाडी काढून तिला स्वतः सासरी पोचवून आलास. दुसऱ्या वेळी तिचा दंड मी पाहिला. बाथरूममध्ये पाय घसरला, असं ती म्हणाली. पाय घसरलेली माणसं हाताखालून गेली आहेत माझ्या. त्यांना कोपराला लागतं, गुडघ्याला लागतं, तळहात खरचटतात. पाय घसरून कुणाच्या दंडावर चार बोटांचे वळ पडत नाहीत. मी तुझ्या अभ्यासिकेत आले, दार लावून घेतलं आणि हे तुला असंच्या असं सांगितलं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "नवरा-बायकोच्या मध्ये आपण पडू नये ताई. त्यातून तिचे सासरे आपले खजिनदार. पाळकाचीच मुलगी परत आली तर मंडळीने काय समजायचं?" आणि पुन्हा गाडी काढलीस. तिसऱ्या वेळी ती तुझ्याकडे आलीच नाही. माझा जिना चढून वर आली आणि माझ्याकडेच राहिली.

त्याच्या पुढच्या रविवारी तू सहनशीलतेवर बोललास. "माझ्या माहितीतली एक मुलगी आहे," अशी सुरुवात केलीस, आणि सगळ्या माना ऑर्गनकडे, माझ्याकडे वळल्या. शेवटचं गीत मी इतक्या वेगाने वाजवलं की गाणाऱ्यांना धाप लागली. मग दर रविवारच्या प्रार्थनेत भरकटलेल्यांच्या यादीत तिचं नाव येऊ लागलं. तू डोळे मिटून तिचं नाव घ्यायचास आणि त्याच वेळी तिचा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून बाकांमधून दानाची थैली फिरवायचा. तुझे डोळे मिटलेले असत. माझे उघडे असत, कारण मला पुढचं गीत काढायचं असे.

ती कशी आहे हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. चष्म्याच्या दुकानात काम करते. आधी काउंटरवर होती, आता काचा घासून फ्रेममध्ये बसवते. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना तीच लागते, कारण ती नाकावर फ्रेम बसवताना "दुखतंय का?" असं विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. जोराने दार आपटलं की अजून दचकते. माझ्याकडे येते तेव्हा तुझ्या साखरेची चौकशी करते, तू गोळ्या वेळेवर घेतोस का ते विचारते, आणि मी तुला नावं ठेवायला लागले की विषय बदलते. एकदाच बोलली. भांडी पुसत होती, माझ्याकडे पाठ होती. म्हणाली, "आत्या, बाबांनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं असतं ना, तर मी कधीच विसरून गेले असते. त्यांनी मला आत घेतलं, चहा दिला आणि मग पोचवायला आले. त्याच्या घराची बेलही त्यांनीच वाजवली." एवढं बोलून तिने टॉवेल वाळत घातला.

आता तू मला सांग, क्षमा कुणी कुणाला करायची? चुकीच्या पायाचं ऑपरेशन करून वर सर्जननेच पेशंटला क्षमा केली, असं मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही, आणि मी एकापेक्षा एक गर्विष्ठ सर्जन पाहिले आहेत. तिने तुझं काय वाईट केलं? तुझी मान खाली घातली? मान तू स्वतः घातलीस, खजिनदारांपुढे. तुला एवढे दिवस शांतता मिळाली, तळं मिळालं, कुणी दार वाजवलं नाही, आणि एवढ्या शांततेत तुला तुझी मुलगी दिसली ती दगडासारखी. तुला हलकं वाटत असेल तर वाटो. ते नवजीवन आहे असं मात्र मला सांगू नकोस. ओझं कमी झालेला प्रत्येक माणूस बरा झालेला नसतो, कधी कधी त्याने ते दुसऱ्याच्या अंगावर टाकलेलं असतं.

हे सगळं मी तू आल्यावर तोंडावरही बोलले असते. पण त्याआधी एक गोष्ट घडली. चिटणिसांनी परस्पर चिमीच्या दुकानात फोन केला. "पाळकसाहेबांनी तुम्हाला क्षमा केलीय, रविवारी या, साक्ष संपली की पुढे बोलावू, सगळे मिळून गाऊ." तुला ते आधी कळू द्यायचं नाही, असा त्यांचा बेत होता. काल चिमी माझ्याकडे आली. तिने रविवारची सुट्टी मागून घेतलीय. तिला वाटतंय की क्षमा हा शब्द चिटणिसांचा, बाबा काहीतरी वेगळंच म्हणाले असतील. "आत्या, त्यांना खरंच कळलं असेल का गं?" असं तिने मला विचारलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मी चहा टाकायला उठले. ती पुढे बसणार नाही. मागच्या बाकावर बसून तुझ्या तोंडून ऐकणार आहे. तुला सांगायचं नाही असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं, आणि मी आता ते मोडते आहे. पण ती येणार म्हणून प्रवचन बदलायला बसू नकोस. तुला सुंदर शब्द सापडतील हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे, सुंदर शब्द तिने पोटभर ऐकले आहेत. तिचा पत्ता ह्या पानाच्या मागे लिहिला आहे. शनिवारी परतशील तेव्हा स्टेशनवरून थेट तिच्याकडे जा. प्रार्थना करू नकोस, डोक्यावर हात ठेवू नकोस. "मी तुला परत नेऊन सोडलं, ते माझं चुकलं," एवढंच म्हण आणि ती काय म्हणते ते उभ्याने ऐकून घे. तेवढं जमणार नसेल तर रविवारी तिचं नाव काढू नकोस, पाव कसा मळायचा ते सांग, लोक खूश होतील. आणि तिच्यासमोर क्षमेचा तो शब्द उच्चारलास, तर मी ऑर्गनवरून उठून तिला घेऊन बाहेर पडेन आणि पुन्हा त्या दारातून आत येणार नाही. कमिटीपुढे मी तुझ्या रजेसाठी भांडले ते तू थकला होतास म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं होतं, पण अर्धं. मला वाटलं होतं, जरा विसावलास की तुला तिचं दार आठवेल. रजा अजून शनिवारपर्यंत आहे.

तुझीच, अजूनही,
ताई