एकच पर्याय निवडा

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून धसका घेऊ नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस (तो होकार असतो की वाटेला लावणं, हे मला आजतागायत कळलेलं नाही), म्हणून आजोबा लिहायचे तसं कागदावर लिहायला बसले आहे. तुझं पित्त कसं आहे? वहिनींची मान आखडली होती ती सुटली का? भाचीने नाचतानाचा व्हिडिओ टाकला तो आईला दाखवला. ती कौतुकाने म्हणाली, अगदी दादावर गेलीय. तुला नाचताना मी तरी कधी पाहिलेलं नाही, पण आईला तुझ्यात काय काय दिसतं हा या पत्राचाच विषय आहे, तेव्हा त्याकडे मी यथावकाश येतेच.

आईची तब्येत तू विचारली नाहीस तरी सांगते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती वॉकर धरून पलंगापासून संडासापर्यंत जाते, तेही कोणी पाठीशी असेल तर. सकाळी तिचं सगळं आवरून, व्यायाम करून घेऊन मी ऑफिसला पळते आणि मी येईपर्यंत शेजारच्या मावशी तिच्यापाशी बसतात. त्या मावशी आता कायमच्या लेकीकडे राहायला निघाल्या आहेत. आमच्याच संस्थेची एक योजना आहे, की ज्या म्हाताऱ्या माणसांकडे बघायला घरात पुरेसं कोणी नाही त्यांच्याकडे दिवसा नर्स पाठवायची. ही नर्स मिळाली तर माझी नोकरी राहते, नाही मिळाली तर मी घरी बसते. सरळ हिशेब आहे. आणि नर्स कुणाला द्यायची ते ठरवणारा मोबाईलवरचा फॉर्म कुणी बनवला? तुझ्या या बहिणीने. त्या फॉर्मने आईला नर्स नाकारली आहे. हस, हस, तेवढा वेळ तरी पत्र हातात राहील.

तू लोकांना सांगतोस की बहीण कॉम्प्युटरमध्ये आहे. मी टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आहे. खालून रबराचा वास येतो, खिडकी उघडली तर जास्त येतो आणि बंद केली तर कोंडून राहतो. आमच्या सर्वेक्षक मुली मोबाईल घेऊन घरोघरी जातात आणि त्यांच्या मोबाईलवर जे प्रश्न दिसतात ते मी मांडते. तुला वाटेल त्यात काय मोठंसं, प्रश्न लिहिला की झालं. तसं नसतं रे. प्रश्न कोणीही लिहील, त्याचं उत्तर कोणत्या प्रकारचं घ्यायचं इथे खरी गोम असते. लिहू द्यायचं, की आकडा घ्यायचा, की तारीख, की फोटो, की यादीतून एक निवडायला सांगायचं, की हवी तितकी. एकच निवडायचं असेल तर पर्यायापुढे गोल येतो, अनेक चालणार असतील तर चौकोन. या गोल-चौकोनापायी मी आणि आमचे साहेब आज एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलतो. साहेबांना आम्ही शंभरटक्के म्हणतो (पाठीमागे, अर्थात), कारण कुठलीही बेरीज शंभर टक्के आली नाही की त्यांना जेवण जात नाही.

सुरुवातीला मी भाबडेपणाने 'आजार कोणता?' या प्रश्नाला लिहायची जागा ठेवली होती. उत्तरं आली ती अशी: 'आहे', 'म्हातारपण', 'सुनेला विचारा', आणि एका आजोबांचं तर 'तुम्हाला काय करायचंय'. शंभरटक्क्यांनी कपाळाला हात लावला. लोकांना लिहू दिलं की लोक लिहितात, असं म्हणून त्यांनी फॉर्ममधल्या लिहायच्या झाडून सगळ्या जागा काढायला लावल्या. मग जन्मतारीख. तिला मी कॅलेंडर दिलं, म्हणजे तारीख शुद्ध येईल. ते कॅलेंडर आजच्या दिवसावर उघडतं आणि ऐंशी वर्षांच्या आजींसाठी महिना महिना करत ऐंशी वर्षं मागे सरकवत न्यावं लागतं. सर्वेक्षक मुलींची बोटं म्हणजे काही यंत्रं नव्हेत. वाटेत जिथे थकल्या तिथे त्यांनी आजींना जन्माला घातलं, आणि कित्येक आजोबा तर चक्क गेल्या मंगळवारी जन्मले. (त्यातल्या एकांना नातवंडं किती, तर सात.) दुखणं किती, हे दाखवायला सरकती पट्टी ठेवली, तर ती आपोआप मधोमध उघडायची आणि तिला कोणी हातच लावायचं नाही, म्हणून आमच्या अहवालात सगळ्या शहराला बेताचं दुखतं. घराचं ठिकाण उपग्रहावरून घ्यायचं, तर घरात ते लागत नाही म्हणून मुली बाहेर जाऊन उभ्या राहायच्या, त्यामुळे नकाशावर बघशील तर गावातले समस्त वृद्ध भर रस्त्यात राहतात. प्रत्येक वेळी निस्तरलं मी आणि बोलणीही खाल्ली मीच. शंभरटक्क्यांचं आपलं उंटावरून शेळ्या हाकणं चालू होतं.

आता मुद्द्यावर येते. प्रश्न होता, 'तुमची काळजी कोण घेतं?' मी चौकोन ठेवले होते. अरे, घर म्हटलं की कोणी औषध आणतं, कोणी भरवतं, कोणी नुसतं येऊन बसतं, म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांची नावं घेऊ देत की! पण चौकोन ठेवले की बेरीज शंभराच्या वर जाते आणि साहेबांच्या गोल तक्त्याच्या फोडी जुळत नाहीत. त्यांना तो तक्ता वरच्यांना दाखवायचा होता, रंगीत. मी पुष्कळ वाद घातला. म्हटलं, साहेब, माणसं एकत्र मिळून करतात. तर ते चष्मा पुसत मला म्हणाले, बाई, घरोघरी नीट बघा, करणारं एकच कोणीतरी असतं. दादा, त्या माणसाचं मला आजवर काही म्हणजे काही पटलेलं नाही, पण हे एक वाक्य मात्र पटलं. केले गोल. 'एकच पर्याय निवडा' हेही मीच लिहिलं. पुढे गुण कसे द्यायचे तेही त्यांनीच ठरवलं. मुलगा किंवा सून असेल तर पूर्ण आधार, नर्स नाही. मुलगी असेल तर अर्धा आधार, नर्स मिळणार, कारण (हे त्यांचेच शब्द) मुलगी म्हणजे तात्पुरती सोय. मी गिळलं. वाटलं, चला, अपमान तर अपमान, निदान आईला नर्स तरी मिळेल.

आमच्या घरी सर्वेक्षक मुलगी आली तेव्हा मी आईला मऊ भात भरवत होते. ताट बाजूला ठेवून हात धुवायला आत गेले आणि तेवढ्यात तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. आई उशीला टेकून बसली होती, अंगात मी घातलेला गाऊन, केस मी विंचरलेले, हनुवटीवर मी भरवलेल्या भाताचं शीत. मुलीने पर्याय वाचले: मुलगा, मुलगी, सून, शेजारी, कोणी नाही. एकच सांगा हं आजी. आणि आपल्या मातोश्रींनी, ज्या मला पाण्याचा पेला मागतानाही कण्हतात, खणखणीत आवाजात सांगितलं, मुलगा. मी ओल्या हाताने आतून धावत आले. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि मान खाली घालून 'मुलगा'पुढच्या गोलावर बोट टेकवलं. तिचं चुकलं नाही. 'उत्तर सुचवू नये, वाद घालू नये, घरच्यांच्या तोंडाकडे पाहू नये' अशी सूचना प्रश्नाखाली बारीक अक्षरांत मीच घातली आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

आणि एकदा फॉर्म पाठवला की तो बंद होतो. तो कुलूपबंद करण्याची हुशारीही माझीच (मुली घरी बसून उत्तरं बदलायच्या म्हणून). दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्याच स्क्रीनवर आईच्या नावापुढे लाल अक्षरांत 'अपात्र' आलं. शेजारच्या टेबलावरचे हिशेबनीस वाकून बघत म्हणाले, वा, तुमचे बंधू परत आले वाटतं. मी हो म्हटलं. का म्हटलं विचारू नकोस, माझं मलाच माहीत नाही.

संध्याकाळी आईवर मी अशी काही चिडले की मावशी आपल्या दारातून आमच्या दारात आल्या. म्हटलं, तुझा तो मुलगा वर्षातून एकदा येतो, बूटसुद्धा काढत नाही, गाडी लावायला जागा नाही म्हणून तासाभरात निघतो, आणि तो तुझी काळजी घेतो? मग मी कोण, भाडेकरू? आई म्हणाली, अगं, ती परकी पोर. तिला 'मुलगी' असं सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, मुलगा बघत नाही. तुझं काय, तू तर घरातलीच आहेस, तुझं नाव कशाला घ्यायचं? चौकोन असते तर तिने दोघांचीही नावं घेतली असती, दादा. तुझं आधी घेतलं असतं, पण माझं घेतलं असतं. एकच निवडायचं म्हटल्यावर तिने जे झाकायचं होतं ते झाकलं. मला तिचा राग आला, तुझा आला, आणि मग रडू आलं. मावशींना वाटलं, त्या जाणार म्हणून रडते आहे. त्याही रडल्या. आईने आम्हा दोघींना पाणी प्यायला सांगितलं. भांडून काही निघत नाही हे मला कळतं, पण न भांडून तरी आजवर काय निघालं?

असो. इकडचं हे असं आहे. तुझ्या पित्तावर सकाळी कोमट पाणी घे, जागरणं करू नकोस. वहिनींना नमस्कार सांग, भाचरांना आत्याकडून पापा. उत्तर लिहिशील अशी अपेक्षा ठेवायचा वेडेपणा मी करत नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. फेरतपासणी मिळते आहे, शंभरटक्क्यांच्या हातापाया पडून मिळवली. पण 'मुलगा' हे उत्तर बदलायचं तर ज्या मुलाचं नाव घेतलंय त्याने स्वतः लिहून द्यावं लागतं. सोबत तो कागद जोडला आहे. एकच प्रश्न आहे, 'आपण आपल्या आईची काळजी घेता का?' उत्तराला दोन गोल आहेत, होय आणि नाही. 'नाही'वर खूण कर, खाली सही कर आणि ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. मावशींचं सामान पुढच्या आठवड्यात हलतं आहे, तेव्हा त्याआधी. कारणं लिहायला जागा नाही, शोधत बसू नकोस. ती मी मुद्दामच ठेवलेली नाही.

दुसरी ता. क. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, म्हणून घरी फोन करून 'कसला कागद पाठवलाय' असं विचारू नकोस. (तसा तुझा फोन येण्याचा धोका फार नाही म्हणा.)

तिसरी ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं आणि आईने सगळं मला मोठ्याने वाचायला लावलं. भाताच्या शिताशी ती हसली सुद्धा. कागदाशी आल्यावर म्हणाली, त्याला असं लिहायला लावू नकोस गं, त्याच्या हातून 'नाही'वर खूण व्हायची नाही. नर्स नको मला, 'होय' करून टाक म्हणावं. मी म्हटलं, आई, खूण न करता इतकी वर्षं जमवलंच की त्याने. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं ते अजून तसंच आहे. तेव्हा दादा, आता तुझं तू ठरव. 'नाही'वर खूण केलीस तर कागद टपालाने पाठव. 'होय'वर केलीस तर टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये, आणि येताना मोठी बॅग आण. तिचे कपडे मी धुऊन, घड्या घालून ठेवते आहे.