मोपेड कुणाच्या नावावर

आप्पा, काल पोस्टानं आपल्या मोपेडचं नवं कार्ड आलं. मालकाच्या जागी माझं नाव आहे. आनंद व्हायला हवा होता, पण मी कार्ड ओट्यावर ठेवलं आणि भाकऱ्या थापता थापता मनात तुमच्याशी भांडत राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग निवत नाही.

मला नर्सची नोकरी लागली तेव्हा तुम्ही ती गाडी साताऱ्याहून स्वतः चालवत वाईला आणलीत. आई हळदकुंकू लावत होती आणि शेजारच्या काकूंना तुम्ही सांगत होतात, "पोरीची गाडी हाय. तिला वाड्यावस्त्या फिराय लागत्यात." मग लायसन्स हातात यायच्या आधीच मी एकदा घाटावरच्या बाजारात गाडी नेली. तुम्ही एसटी डेपोतले मेकॅनिक, ड्युटी संपवून सायकलवरून येत होतात. मला बघून थांबलात. "उतर," म्हणालात. "कागद न्हाई तर गाडीवर बसायचं न्हाई." घाटापासून घरापर्यंत मी गाडी ढकलत आणली, मागून तुम्ही सायकल हातात धरून चालताय, लोक बघतायत. लाज वाटली, रडूही आलं. तरी रात्री जेवताना मला वाटलं होतं, माझा बाप सरळ माणूस आहे.

पंधरा वर्षांची मुदत संपली म्हणून यंदा नोंदणी पुढं वाढवायला मी साताऱ्याच्या आरटीओ कार्यालयात गेले. कारकून पोरगा सभ्य होता. कागद चाळून म्हणाला, "ताई, मालकांची सही लागेल. कुठायत ते?"

"मीच आहे."

"इथं तर पुरुषाचं नाव आहे. तुम्ही कोण त्यांच्या?"

बहीण, म्हटलं. मागच्या कॅरिअरला लशीचा डबा बांधून मी त्या गाडीवर चिखलातून, उसाच्या ट्रॉल्यांमधून सगळ्या वाड्या पालथ्या घातल्या, आणि त्या खिडकीपाशी मी गाडीच्या मालकाची बहीण झाले.

तिथूनच इस्लामपूरला दादाला फोन लावला. तो अवघडला. "आगं, आप्पाच म्हणलं हुतं, ती लगीन करून जायाची, गाडी घरात ऱ्हायला पायजे. तुला कुणी चालवू नगं म्हणलं का कवा?" दादा वाईट नाही. विमा दरवर्षी तोच भरायचा. सोमवारी रजा काढून आला, गाडी माझ्या नावावर करायच्या अर्जांवर सह्या केल्या, गुडघ्यावर बसून चॅसिसवरचा चिखल खरवडला आणि पेन्सिल घासून नंबरचा ठसा कागदावर घेतला. "चिडू नगंस," म्हणाला. त्याच्यावर मी चिडलेच नव्हते.

चिडले आहे ती तुमच्यावर. गाडी दादाच्या नावावर घ्यायची होती तर घ्यायची. मला तसं सांगितलं असतं तर मी एसटीनं फिरले असते, चालत गेले असते. पण तुम्ही साऱ्या गल्लीसमोर ती मला दिलीत आणि कागदावर दिली नाहीत. एक नट ढिला असला तरी बस डेपोबाहेर सोडायचा नाहीत तुम्ही. मग लेकीच्या बाबतीत असं कसं चाललं तुम्हाला? लग्न करून मी गेले कुठं, तर दोन गल्ल्या पलीकडं. शेवटच्या आजारपणात तुम्हाला दवाखान्यात न्यायचं, आणायचं ते मीच केलं, त्याच गाडीवर.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही. कार्डाबरोबर कपाटात ठेवून देईन. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. त्याच आजारपणात तुमचे रिपोर्ट शोधताना गाडीचे कागद माझ्या हाती लागले होते. दादाचं नाव मी तेव्हाच वाचलं. कागद होते तसे ठेवले आणि तुम्हाला चहा आणून दिला. "काय हुडकत हुतीस गं?" तुम्ही विचारलंत.

"काय न्हाई," मी म्हटलं.