आप्पांना चालेल असं पोट

प्रिय दादा,

फोनवर आपण दोघं लगेच पेटतो, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर वैनीला दाखव. शाळा सुटल्यावर पेन धरलंय कुठे मी?

आप्पा आयसीयूत आणि मी इथे ओमानला. क्रेनखाली उभा असतो, ध्यान सगळं तिकडे. निमोनिया हटला म्हणून तू पेढे आणणार होतास, आणि मग ते जुलाब सुरू झाले. नमिता डॉक्टरांनी मला फोनवर नीट समजावलं. कडक अँटिबायोटिकनी छातीतले जंतू मेले, पण पोटातले चांगले जंतूही गेले. तेच आतून राखण करतात, अंगाला लढायला शिकवतात. राखणदार गेले तसे भलतेच जंतू घुसले. आता धडधाकट माणसाची शी तपासून, गाळून, नळीने आप्पांच्या आतड्यात सोडायची.

आधी हसलो, खोटं कशाला बोलू. मग वाटलं, तुला शुगर, वैनीच्या गोळ्या चालू, म्हणजे राहिलो मीच. सुट्टी मागितली, तिकीट काढलं. पहिल्यांदा माझ्याकडे आप्पांना द्यायला काहीतरी होतं, आणि ते पण काय, बघ! कॅम्पातली पोरं चिडवायची, यशा, जपून खा, बापाचं औषध हाय ते. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, हल्ली काही गोळ्या घेतल्यास का? घेतल्या होत्या. खोकला आला की इथला सुपरवायझर तसलंच कडक पाकीट हातात ठेवतो, खाडा नको म्हणून. मग तुझं चालणार नाही, म्हणाल्या. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो रे. सारखा पळतच राहिलो मी. आप्पांनी हाक मारली तेव्हा एकदा तरी थांबायला हवं होतं.

येतोच आहे, पण तिकीट शुक्रवारचं. आप्पांचं बीपी तोवर टिकेल असं कुणी सांगत नाही.

म्हणून तुला न विचारता मी हौसेरावकाकांना फोन केला. हो, आपल्याच खालच्या मजल्यावरचे. मुकादमकीच्या भांडणात आप्पांनी त्यांना हमालांच्या टोळीतून काढलं, तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद, ठाऊक आहे मला. पण त्याआधी मार्केटात दोघं एकाच डब्यात जेवायचे. काका अजून पोती उचलतात, गोळी कशी असते ते माहीत नाही त्यांना. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, तुझ्या बापाचं तोंड बघायची इच्छा नाही मला. पण तो असा जायला नको. तपासणीला येतो, फक्त घरातलं कुणीतरी दारात बोलवायला या. दादा, फोन करणं माझ्या हातात होतं, जिना उतरणं नाही. तू उतर. शिव्या घातल्या तर खा आणि त्यांना घेऊनच हॉस्पिटलात जा. शुद्धीवर आल्यावर आप्पा बोंबलतील. बोंबलू देत की.

वाट बघणारा,
तुझाच यशा